अक्कांना विचारलं का?

"हात सैल सोड. तू आवळून धरलास तर बांगडी चढायची नाही," मी म्हणाले.

मोहोळकर काकूंची लेक माझ्यासमोर पाटावर बसली होती. सातवा महिना लागलेला, चेहऱ्यावर तेज आणि पायांवर सूज. डोहाळजेवणासाठी हिरवा चुडा भरायला आई तिला घेऊन आली होती. तिचा अंगठा तळव्यात दुमडून मी हात दाबून धरला आणि एकेक बांगडी सांध्यावरून सरकवायला लागले. हे काम मला डोळे मिटूनही करता आलं असतं.

"तुमचंही आता गोड होतंय म्हणे, कुमुदताई," काकू म्हणाल्या. "बरं झालं हो. घरातलं लेकरू घरातच राहिलं."

"कसलं लेकरू?"

"आमच्यापासून काय लपवताय? रविवारी बारशात शालनची मुलगी तुमच्या ओटीत घालायची आहे ना? तुमच्या सासूबाईंनी कालिकेच्या देवळात सगळ्यांना सांगितलं. आम्हाला आमंत्रणही आलंय."

माझ्या हातातली बांगडी वाढली. पोरीला काही लागलं नाही, काच माझ्याच बोटात गेली. काकू घाबरल्या, डोहाळजेवणाचा चुडा म्हणून त्यांना अपशकुन वाटला असणार. मी बोट पदराला पुसलं, दुसरी बांगडी घेतली आणि चुडा पुरा केला. पोरीनं रीतीप्रमाणे मला वाकून नमस्कार केला. मी तिला काय आशीर्वाद दिला ते आठवत नाही. माझ्या कानांत एवढंच घुमत होतं, की माझ्या ओटीत मूल पडणार हे सगळ्या पेठेला माहीत आहे, फक्त मला नाही.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची. बार्शीच्या पेठेत आमचं, दहिवाळ कासारांचं, बांगड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे पडदा, पडद्यामागे घर. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे दोन मुलगे. थोरले दिगंबर भावजी, त्यांची बायको शालन, जिला मी अक्का म्हणायची. धाकटे हे, मुरलीधर, आणि मी. अक्कांना एक मुलगा, एक मुलगी आणि आता ही नुकती झालेली तिसरी. आम्हाला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही तपासून हात टेकले होते. आत्याबाईंच्या मते मात्र तपासणी माझी एकटीचीच झाली होती.

भावजी दुकानात येऊन बसताच मी पडद्याआड गेले. आत्याबाई सुपात डिंक घेऊन निवडत होत्या. बाळंतिणीच्या लाडवांची तयारी.

"रविवारचं काय ठरलंय, आत्याबाई?"

"कुणी सांगितलं तुला? मी आज बोलणारच होते." त्यांनी मान वर केली नाही. "जरीची साडी बाहेर काढून ठेव. ओटी तुझी भरायची आहे. मुलगी तुझ्या मांडीवर, नावही तूच कानात सांगायचं."

"मला विचारायचं तरी."

"तहानलेल्याला पाणी हवं का म्हणून विचारतात होय? लोकांची तोंडं बंद होतील एकदाची. मुरलीकडं बघवत नाही मला."

"आणि अक्कांना विचारलं का?"

आता त्यांनी मान वर केली. मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. "शालनला काय विचारायचं? ती समजूतदार आहे."

"पोटची मुलगी आहे त्यांची."

"मग जाते कुठं ती? याच घरात राहणार. ह्या खोलीतून त्या खोलीत. मलासुद्धा माझ्या मावशीच्या ओटीत घातलं होतं, चार वर्षांची असताना, आणि तेही पार परांड्याला. माझ्या आईनं तोंडातून अक्षर काढलं नाही. काय वाईट झालं माझं?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. डिंकातला खडा बाजूला काढावा तितक्या सहज बोलल्या.

'समजूतदार' हा शब्द आमच्या घरात फक्त अक्कांसाठी वापरला जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माडीवरची हवेशीर खोली अक्कांची होती. नवं जोडपं आहे, शालन समजूतदार आहे, म्हणून त्यांचं अंथरूण खाली स्वयंपाकघराशेजारी आलं. त्या गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायच्या, दहा-बारा मुली यायच्या. दुकानावर माणूस कमी पडायला लागलं आणि शालन समजूतदार आहे, म्हणून क्लास बंद झाला. त्यांचे वडील कुर्डूवाडीला शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा आमच्याकडं संक्रांतीची गर्दी होती. बायका बांगड्यांसाठी दारात उभ्या होत्या. गर्दी सरल्यावर जा, तू समजूतदार आहेस, असं सांगितलं गेलं. गर्दी सरली आणि त्या गेल्या तेव्हा वडिलांची राख झाली होती. परत आल्या, हातपाय धुतले आणि भाकरी थापायला बसल्या. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, बघा, किती समजूतदार आहे.

कोणाचं काही घ्यायचं असलं, की आधी त्याला समजूतदार म्हणायचं. मग ते माणूस स्वतःच्या हातानं काढून देतं, आणि घेणाऱ्याला घेतल्यासारखंही वाटत नाही. आता एवढं सगळं घेऊन झालं होतं, पोटचं पोर तेवढं राहिलं होतं.

त्यातही अक्कांना मुलगा झाला असता तर तो माझ्या ओटीत घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मुलगी झाली, तीही दुसरी, म्हणून सगळ्यांच्या मनात एकदम माझ्याबद्दल दया उत्पन्न झाली.

पण मला ती हवी होती. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. जन्मल्यापासून तिला न्हाऊमाखू मीच घालत होते. पायांवर पालथी घेऊन पाठीला तेल चोळताना ती अंग ताणायची, मांजराच्या पिल्लासारखी कुरकुरायची. टाळूवर तेल घालताना माझा हात तिथंच थांबायचा. बांगड्या भरताना मी तिचे कान कसे टोचू, केस केव्हा काढू, याचा विचार करायची. त्यामुळे मोहोळकर काकू बोलल्या तेव्हा पहिल्या क्षणाला मला जे वाटलं, ते सुखच होतं. संताप त्याच्या मागून आला.

दिवेलागणीला हे जिन्यावरून वर आले. मी विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"काय?" म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आईनं बाळंतपणाआधीच विषय काढला होता. मुलगी झाली तर, म्हणून."

"मुलगी झाली तर."

"शब्दात धरू नकोस. दादा हो म्हणाला."

"अक्कांना विचारलं का?"

"दादानं विचारलं असेल."

मी खाली गेले. भावजी गल्ल्याशी बसले होते. थोरले भावजी माझ्याशी थेट बोलत नसत, मधे कुणीतरी लागायचं. मी दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "अक्कांना बारशाचं विचारलंय का, एवढंच कळायला हवं होतं."

भावजींनी बांगड्यांच्या तोरणाकडं बघत उत्तर दिलं. "आई बोलली असेल. बायकांचा विषय आहे."

आत्याबाईंना वाटत होतं विचारायची गरज नाही, भावजींना वाटत होतं आईनं विचारलं असेल, यांना वाटत होतं दादानं विचारलं असेल. देवळातल्या बायकांना आमंत्रणं गेली होती, आणि जिच्या पोटी ती पोर आली तिला एकानंही तोंड उघडून विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला न्हाऊ घालायच्या वेळी मी अक्कांच्या खोलीत गेले. शेगडीवर ओवा टाकलेला, खोलीभर धूर. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाळ रडत होतं आणि त्या वाटीतलं दूध चमच्यानं पाजत होत्या.

"हे वरचं दूध कशाला?"

"सवय व्हायला हवी ना तिला."

मी जवळ बसले. त्यांच्या अंगाला ताप होता, ते शेजारी बसूनही कळत होतं. पोलक्याखाली त्यांनी छाती फडक्यानं करकचून बांधली होती. फडकं ओलं झालं होतं.

"हे कुणी सांगितलं?"

"आत्याबाई म्हणाल्या, अंगावर पाजत राहिलीस तर मुलगी कुमुदकडं रुळायची नाही. आताच तोडलेलं बरं. चार दिवस दुखतं, मग आटतं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, पण दूध आटवायचा हुकूम मात्र पोचला होता.

मी पोरीला मांडीवर घेतलं. तिची जीभ चमच्याला ढकलत होती, दूध गालावरून ओघळत होतं. मला वाटलं, उठावं आणि ती वाटी आत्याबाईंच्या डिंकाच्या सुपात उपडी करावी. पण पोर मांडीवर होती म्हणून बसून राहिले.

"अक्का, तुम्हाला ही द्यायची आहे का?"

"आता ठरलंय सगळं."

"ठरलंय ते मला माहीत आहे. तुम्हाला द्यायची आहे का?"

"याच घरात राहील. डोळ्यांसमोर राहील."

"आई कुणाला म्हणेल?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुम्ही बोलत का नाही? तुमच्या अशा गप्प बसण्यानंच हे सगळे शेफारलेत." मी त्यांच्यावरच चिडले. नऊ वर्षांत त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. "मला ही हवी आहे, अक्का. एवढी हवी आहे की मला रात्री झोप लागत नाही. म्हणून विचारते. मनापासून द्यायची असेल तर आत्ता माझ्या डोळ्यांत बघून घे म्हणा. मी घेईन, आणि जन्मभर तुमचे उपकार मानीन."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. पण 'घे' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. डोळे भरून आले आणि मान आपोआप, अगदी थोडी, हलली. नाही.

"मग तसं सांगा सगळ्यांना."

"मला 'नाही' म्हणता येत नाही गं. जीभच वळत नाही. आणि मी नाही म्हटलं तर तुझं काय? तुझ्यासाठीच तर..."

"माझ्या नावानं तुमच्याकडून काही काढून घेतलेलं मला पचायचं नाही. तुम्ही सांगू नका. मी सांगते. बारशात मी तिला घेणार नाही."

"लोक म्हणतील, मुलगी म्हणून नको म्हणाली."

"म्हणू देत."

मी त्यांच्या छातीवरचं फडकं सोडलं, कोमट पाण्यात पंचा भिजवून शेकलं. त्या विव्हळल्या, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दातांत पदर धरला. दुखल्याचा आवाजसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढ्या समजूतदार.

अक्कांनी बाळाला अंगावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ती तोंड फिरवायला लागली. तेवढ्यात आत्याबाईंची चाहूल लागली आणि अक्कांनी घाईनं पोलकं सारखं केलं.

रविवारी संध्याकाळी घर बायकांनी भरून गेलं. माजघरात पाळणा टांगलेला, झेंडूची माळ, खाली घुगऱ्यांची परात. दारापाशी पुरुष उभे होते. मी जरीची साडी नेसले नाही, रोजची सुती नेसले. आत्याबाईंनी डोळ्यांनी विचारलं, मी घुगऱ्यांची परात सरकवायला वाकले. अक्का पाळण्याच्या एका बाजूला पाटावर बसल्या होत्या, ताप उतरलेला नव्हता. दुसऱ्या बाजूला रिकामा पाट होता. तो माझा.

बाळाला पाळण्याखालून आणि वरून या बाजूच्या बायकांनी त्या बाजूला द्यायचं, असा विधी असतो. पोर या हातातून त्या हातात फिरली. प्रत्येक बाई हसून माझ्याकडं बघत होती. शेवटी आत्याबाईंनी तिला हातात घेतलं, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "बस पाटावर. पदर पसर."

मी उभीच राहिले. "मी घेणार नाही, आत्याबाई."

पाळण्याजवळ गाणाऱ्या बायका थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"अक्कांची मुलगी आहे, अक्कांकडंच राहू दे. मला नको."

"नको?" आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. चार बायकांदेखत असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मग त्यांनी ज्याची मी वाटच बघत होते तो शब्द काढला. "मुलगी आहे म्हणून नको? मुलगा असता तर धावत आली असतीस."

कुजबुज सुरू झाली. मोहोळकर काकूंनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी मागून म्हणालं, मूल नाही ते नाही, वर तोरा बघा. दारातून भावजींचा आवाज आला, माझ्याकडं नव्हे, यांच्याकडं बघून. "मुरली, विचार तिला. आमच्या पोरीत काय खोट काढली तिनं?"

हे माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. त्यांना काही कळतच नव्हतं, आणि ते फार दुखलं. मी ओठ मिटून उभी राहिले. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांच्या नजरा अक्कांवर वळल्या असत्या, आणि त्यांना ते झेपणार नाही असं मी धरून चालले होते. नऊ वर्षं वांझ म्हणून ऐकून घेतलं, आता मुलीचा दुस्वास करणारी म्हणून ऐकून घेईन, असं मनाशी म्हणत होते. पण आतून अशी आग होत होती, की पाळणा उपटून फेकावासा वाटत होता.

"बोल की," आत्याबाई म्हणाल्या. "आता का दातखीळ बसली? एवढ्या कोवळ्या जिवाचा अपमान करताना लाज वाटली नाही?"

"तिला काही बोलू नका."

आवाज इतका हळू होता, की कुणाचा ते आधी कळलं नाही. अक्का पाटावरच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली होती.

"तिला काही बोलू नका, आत्याबाई. तिला मुलगी हवी होती. तिनं मला येऊन विचारलं, द्यायची आहे का म्हणून. एवढ्या माणसांत तिनं एकटीनं विचारलं. मी नाही म्हणाले."

"तू नाही म्हणालीस?" आत्याबाईंनी असं विचारलं, जणू भिंतीनंच उत्तर दिलं होतं. "शालन, अगं तू समजूतदार..."

"मला द्यायची नाही," अक्का म्हणाल्या. दुसऱ्यांदा बोलताना आवाज थोडा मोठा झाला. "आणा तिला इकडं."

आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. मी पुढं होऊन त्यांच्या हातांतून पोर घेतली. त्यांनी घट्ट धरली नव्हती. माझ्या आणि अक्कांच्या मधे पाळणा होता, मी वळसा घालून गेले आणि पोरीला अक्कांच्या मांडीवर ठेवलं. तेवढी चार पावलं ती माझ्या हातात होती.

अक्कांनी सगळ्यांकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड करून पदराखाली तिला छातीशी घेतलं. पोर तोंड लावेना. वरच्या दुधाची सवय झालेली. ती डोकं इकडंतिकडं करून रडत राहिली. भरलेलं माजघर तिचं रडणं ऐकत होतं, आणि एकही बाई उठून गेली नाही. मघाशी कुजबुजणाऱ्या सगळ्या श्वास धरून उभ्या होत्या. मोहोळकर काकू हलकेच म्हणाल्या, "मान जरा वर धर, शालन. नाकाला हवा लागू दे." दुसरी कोणीतरी म्हणाली, "घाई करू नकोस." पोर तोंड लावत नाही म्हणजे काय, ते त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

मग रडणं अचानक थांबलं. अक्कांचे खांदे खाली आले. गुटगुट असा घोट गिळल्याचा आवाज आला, इतका स्पष्ट, की दारातल्या पुरुषांनीही नजरा खाली घातल्या.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या अक्कांच्या पाठीकडं टक लावून बघत होत्या, आणि त्यांचे ओठ रडवेल्या लहान मुलीसारखे बाहेर आले होते. मग त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. घुगऱ्या मीच वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला निघताना हे दारात थांबले आणि म्हणाले, "तू वहिनीला विचारलंस ते बरोबर केलंस. मला मात्र विचारलं नाहीस." मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मलाही हवी होती गं ती." नऊ वर्षांत मुलाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. तोवर मला वाटायचं, या घरात हे दुःख माझं एकटीचं आहे. मी जिन्याच्या पायरीवर बसले. तेही शेजारी बसले. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

आत्याबाई पुढं दिवाळीपर्यंत आम्हा दोघी सुनांशी बोलल्या नाहीत. पेठेत मात्र बोलणं थांबलं नाही. अक्कांनी खरं सांगितलं तरी ऐकीव गोष्ट जी पसरायची ती पसरलीच, आजही एखादी म्हातारी मला सांगते, की तेव्हा तू मुलगी म्हणून नाकारलीस, नाहीतर आज कुणीतरी असतं तुला. मी आता उत्तर देत नाही. आम्हाला मूल झालं नाही. पोर आपल्या आईच्या अंगावर वाढली, मला काकू म्हणाली, आणि मी तिचे कान टोचले. पण कुणी कुणाला समजूतदार म्हणालं, की अजूनही माझं डोकं उठतं. लग्न जमवताना मुलाकडचे म्हणतात, मुलगी फार समजूतदार आहे हो. मी तिथंच विचारते, म्हणजे तुम्ही तिचं काय काय घेणार आहात? माणसं माझ्याकडं चमत्कारिक बघतात.

पण एक गोष्ट मला नंतर कळली. बारशानंतर दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. थंडीचे दिवस. पोर गोधडीवर झोपली होती. अक्का तिच्यावर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून हाताचा आडोसा धरून बसल्या होत्या. माझ्या मनात खदखदत होतं ते मी बोलून टाकलं.

"तुम्हाला बोलता येत होतं, अक्का. मग तुम्ही क्लास बंद होताना का बोलला नाहीत? वडिलांच्या वेळी का बोलला नाहीत? मला तुमचा फार राग येतो."

त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. खरोखर विचार करून सांगितलं. "तेव्हा माझ्यावर येत होतं ना सगळं. माझ्यावर आलं, की मला वाटतं, जाऊ दे. त्या दिवशीही पोर घेऊन गेले असते तर मी बोलले असते असं मला वाटत नाही गं. त्या तुला बोलायला लागल्या, माझ्या 'नाही'साठी तुला शिव्या बसायला लागल्या, ते मला सहन झालं नाही. तुझ्यासाठी बोलले मी. माझ्यासाठी नाही बोलता येत अजून."

मला तोवर वाटत होतं, की त्या दिवशी अक्का स्वतःसाठी उभ्या राहिल्या. आणि मी तरी कुठं स्वतःसाठी चिडले होते? आत्याबाईंनी नऊ वर्षं मला जे ऐकवलं त्याला मी एकदाही उलटून बोलले नव्हते. अक्कांवर आलं तेव्हा माझं रक्त उसळलं. दोघींना एकमेकींसाठी राग येत होता आणि स्वतःसाठी कुणालाच येत नव्हता. असं आम्हाला घडवणाऱ्यांचा मला फार संताप आला.

"एकदा म्हणून बघा," मी म्हणाले. "स्वतःसाठी."

"काय म्हणू?"

"काहीही. लहानशी गोष्ट असू दे."

त्या हसल्या. तेवढ्यात खालून जिन्यातून आत्याबाईंची हाक आली. दिवाळीनंतर त्या पुन्हा बोलायला लागल्या होत्या. "शालन, पाहुणे आलेत. चहा टाक."

अक्कांचे हात लगेच गुडघ्यांवर गेले, उठायला. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. मग परत बसल्या, पाय लांब करून उन्हात पसरले आणि जिन्याकडं तोंड करून, कुणाशी भांडल्यासारखं नाही, साध्या आवाजात म्हणाल्या,

"आत्ता नाही, आत्याबाई. मी बसलेय."